दाढेतील चौथी नलिका
(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात एका दंतवैद्य सभासदाने केलेले भाषण)



एकदंताच्या उत्सवात दंतवैद्याला बोलायला उभे केलेत, आभारी आहे. पुढे आरती आणि मोदक आहेत, त्यामुळे थोडक्यात सांगतो.

"डॉक्टर, रूट कॅनॉल केले, पैसे गेले, तरी दाढ ठणकतेच. आता काढूनच टाका!" ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. पण काढण्याची घाई करू नका.

दातात नसा व रक्तवाहिन्यांचा मऊ गर असतो. कीड तिथवर गेली की तो सडतो. तो काढून, मुळांतल्या नलिका धुऊन, निर्जंतुक करून भरणे म्हणजे रूट कॅनॉल. एखादी नलिका राहून गेली तर जंतू तिथे ठाण मांडतात.

वरच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन मुळे असतात, म्हणून नलिकाही तीनच असे वाटते. पण गालाकडच्या पुढच्या मुळात पुष्कळदा आणखी एक बारीक नलिका दडलेली असते. खालच्या पहिल्या दाढेला काहींना जिभेच्या बाजूला तिसरे मूळ असते. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी कधी नलिका एकमेकींना जोडून 'सी' अक्षरासारखी खाच होते. तिचे वर्णन कुक आणि कॉक्स यांनी १९७९ साली केले. साधा एक्स-रे ही सपाट सावली. एका नलिकेमागे दुसरी सहज लपते.

व्यवसायाच्या सुरुवातीला एका काकूंची अशीच चौथी नलिका माझ्याकडून सुटली. एक्स-रे छान दिसत होता, म्हणून "दुखणे जाईल हळूहळू" असे मी सांगत राहिलो. काही महिन्यांनी त्या हिरडीवर पुळी घेऊन आल्या. तिरप्या कोनातून एक्स-रे काढला, तर भरलेली नलिका मुळाच्या मधोमध नव्हती, एका बाजूला होती. म्हणजे दुसऱ्या बाजूला आणखी एक असणार! दाढ पुन्हा उघडली, नलिका सापडली, पुळी बसली. चूक माझी होती, सोसले मात्र काकूंनी.

आता सूक्ष्मदर्शक आणि त्रिमितीय स्कॅन (सीबीसीटी) मदतीला आहेत. स्कॅन सरसकट नको. शंका असेल तेव्हाच करावा.

आपल्यापैकी अनेकांच्या बदल्या होतात, म्हणून एक विनंती. जुने एक्स-रे जपून ठेवा आणि नव्या गावी बरोबर न्या. किती नलिका भरल्या, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारा. उपचारानंतर दोन-चार दिवस दुखणे स्वाभाविक आहे. पण सूज, पुळी किंवा चावताना होणारी कळ टिकून राहिली तर पुन्हा दाखवा. सांगितलेली कॅप टाळू नका. मुळालाच उभी चीर गेली असेल तर मात्र दाढ बहुधा काढावीच लागते.

व्यवसायबंधूंना एवढेच सांगेन की, रुग्ण "अजून दुखतंय" म्हणाला तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा, मग एक्स-रेवर.

गणपती बाप्पा मोरया!