दोन चुलींचा हिशेब

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बडोदे येथे भरलेल्या कुटुंबमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या न्यासाकडे येणाऱ्या अर्जांचा रंग हल्ली बदलला आहे. पूर्वी अर्ज येत ते वह्यापुस्तकांसाठी, वसतिगृहासाठी, फार तर मुंबईपुण्याच्या कॉलेजासाठी. आता पुष्कळ अर्जांत दुबई, जर्मनी, इंग्लंड ही नावे असतात. मुलाला नोकरी लागली आहे, जाण्याच्या खर्चासाठी कर्ज हवे, अशी विनंती असते. ती वाचताना आम्हांला आनंद होतो. परंतु अर्जाच्या तळाशी जो हिशेब जोडलेला असतो तो वाचला की काळजी वाटू लागते. बहुतेक हिशेब एकाच ओळीचा असतो : तिकडचा पगार इतका, त्याला आजच्या दराने गुणले की इतके रुपये. बस्स! या एका गुणाकारावर आईचे दागिने तारण पडतात आणि वडील भविष्य निर्वाह निधीतली रक्कम काढून देतात. म्हणून हा हिशेब नीट कसा मांडावा, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

प्रथम त्या गुणाकाराचे पाहू. चलनाचा दर आणि चलनाची खरेदीची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव कॅसेल यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या दुसऱ्या गोष्टीला क्रयशक्ती-समता असे नाव दिले. आज जागतिक बँकेच्या देखरेखीखाली अनेक देशांतल्या किमती गोळा करून तिचे आकडे काढले जातात. २०१७ सालचा आपला आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्या वर्षी बाजारात एका डॉलरला सरासरी ६५.१२ रुपये पडत होते. परंतु अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल आणि जेवढी सेवा मिळे, तेवढी भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळत होती. याचा साध्या भाषेत अर्थ असा की तिकडे मिळवलेला डॉलर तिकडेच खर्च केला तर तो वीस रुपयांचा, आणि वाचवून घरी पाठवला तर पासष्ट रुपयांचा. म्हणजे दराने गुणायचे ते शिलकेला. पगाराला गुणणे म्हणजे पेरणीच्या दिवशीच पोती मोजणे.

हा फरक का पडतो? टीव्ही, मोबाइल, कापड, खाद्यतेल या वस्तू जहाजाने जगभर फिरतात, म्हणून त्यांच्या किमती देशोदेशी फार लांब राहत नाहीत. पण घर जहाजाने फिरत नाही. न्हावी, सुतार, नळ दुरुस्त करणारा, धुणीभांडी करणाऱ्या बाई, मुलांना शाळेत पोहोचविणारा रिक्षावाला, यांची मजुरी त्या त्या गावची असते. जिथे माणसाचा हात लागतो तिथे परदेश महाग, हे सूत्र विसरू नये. इथे ज्या घरात दोन माणसे मदतीला येतात, त्या घराला तिकडे ती कामे स्वतःच्या हातांनी करावी लागतात. तो खर्च पैशांत दिसत नाही, पण गृहिणीच्या आणि आता गृहस्थाच्याही दिवसात दिसतो.

आता एक उदाहरण मांडू. आकडे आम्ही सोयीसाठी धरले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले घालावेत.

बडोद्यातील एक गृहस्थ, पत्नी, एक मूल आणि आईवडील. हाती पडणारा पगार दरमहा ७०,००० रुपये. घर वडिलोपार्जित, भाडे नाही. घरखर्च ४२,००० आणि शिल्लक २८,०००. त्यांना दुबईत ८,००० दिरहमची नोकरी मिळते. १ दिरहम म्हणजे २४ रुपये धरला तर १,९२,००० रुपये झाले. तिथे पगारावर आयकर नाही, ही गोष्ट खरी. घरात पेढे वाटले जातात.

समजा, गृहस्थ एकटे गेले. चारपाच जणांच्या खोलीत एक खाट, ज्याला तिकडे बेडस्पेस म्हणतात, १,१०० दिरहम; जेवण ९००; प्रवास ३५०; फोन व किरकोळ ३५०; वर्षातून एकदा घरी येण्याचे तिकीट बारा महिन्यांत वाटून ३००. एकूण ३,०००. राहिले ५,०००, म्हणजे १,२०,००० रुपये. त्यांतून बडोद्याची चूल चालायची. एक माणूस कमी झाले म्हणून ती ३५,००० मध्ये चालते असे धरू. शिल्लक ८५,०००. पूर्वीच्या तिपटीहून किंचित अधिक. हिशेब सुटला!

आता तेच गृहस्थ, तोच पगार, परंतु पत्नी आणि मूल बरोबर. लहानशा घराचे भाडे वर्षाला ४८,०००, म्हणजे महिना ४,०००. दुबईत भाड्याच्या पाच टक्के नगरपालिकेचा आकार वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होतो, तो २००. वीज, पाणी, इंटरनेट ७००. किराणा आणि भाजीपाला १,३००. शाळा आणि शाळेची बस १,०००. प्रवास ३५०. कुटुंबाचा परवाना, आरोग्यविमा आणि वार्षिक तिकिटे यांचा मासिक वाटा ५५०. बेरीज ८,१००. पगार ८,०००! शिवाय मागे राहिलेल्या आईवडिलांच्या औषधपाण्याला आणि घराला १५,००० रुपये, म्हणजे ६२५ दिरहम. एकूण तूट दरमहा ७२५ दिरहम, म्हणजे १७,४०० रुपये. पगार एक लाख ब्याण्णव हजारांचा आणि महिनाअखेर उसनवारी!

मंडळी, पगार बदलला नाही, शहर बदलले नाही. बदलले ते एवढेच की कुटुंब कुठे राहणार. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की परदेशी जाणाऱ्याची तुलना ‘इथला खर्च’ आणि ‘तिथला खर्च’ अशी नसतेच. आपल्या घरातून माणूस गेला तरी इथली चूल विझत नाही. तेव्हा एका बाजूला इथली एक चूल आणि दुसऱ्या बाजूला तिथली नि इथली मिळून दोन चुली, अशी ती तुलना आहे. एकटे गेल्यास पैसा मिळतो आणि सहवास जातो. कुटुंबासह गेल्यास सहवास राहतो आणि पैसा पुष्कळदा जातो. दोन्हींना पुरेल एवढा पगार आहे की नाही, हा खरा प्रश्न. आणि तो एकट्या मुलाचा नाही. त्याची पत्नी आणि त्याचे आईवडील यांनी एकत्र बसून सोडवायचा आहे. पत्नी इथे नोकरी करीत असेल तर तिचा जाणारा पगारही वजाबाकीत धरला पाहिजे. नवऱ्याबरोबर गेलेल्या बाईला तिकडे लगेच काम मिळेलच, असे गृहीत धरून चालत नाही.

दुसरी गोष्ट पहिल्या महिन्याची. दुबईत भाडे वर्षाचे ठरते आणि पुढील तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. चार चेकांत ठरले तर पहिला १२,००० दिरहमचा. त्यावर अनामत साधारण पाच टक्के, २,४००; दलाली बहुधा तेवढीच, २,४००; वीज-पाण्याची अनामत २,०००. मिळून १८,८०० दिरहम, म्हणजे ४,५१,२०० रुपये, आणि तेही पहिला पगार हाती येण्यापूर्वी! कर्जाच्या अर्जात विमानाचे तिकीट असते, ही रक्कम सहसा नसते.

तिसरी गोष्ट म्हातारपणाची. तिकडे परदेशी नोकराला पेन्शन नाही. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिली पाच वर्षे वर्षाला २१ दिवसांचा आणि पुढे ३० दिवसांचा पगार, पण मूळ पगारावर. भत्ते त्यात येत नाहीत. ८,००० पैकी मूळ पगार ४,००० असेल तर वर्षाचे २,८०० दिरहम होतात. इकडे मालक दरमहा भविष्य निर्वाह निधीत भर घालतो, ती जाते. म्हणून नेमणुकीचे पत्र वाचताना एकूण आकड्याआधी मूळ पगाराचा आकडा शोधावा.

आता युरोपकडे वळू. तिथला हिशेब उलट्या टोकाने सुरू होतो. जर्मनीत वर्षाला ५०,००० युरो पगार ठरला, तर महिन्याचे सुमारे ४,१७० होतात. परंतु कर, पेन्शन आणि आरोग्यविमा यांची कपात होऊन अविवाहित माणसाच्या हाती साधारण २,७०० युरो पडतात. ऐकून मन खट्टू होते. पण त्या कपातीत दवाखाना आला, म्हातारपण आले. सरकारी शाळेला फी नाही. मुलामागे सरकार भत्ता देते. २०२५ मध्ये तो दरमहा २५५ युरो होता. म्हणजे दुबईत जो पैसा आधी हाती येऊन मग जातो, तो इथे आधी जाऊन मग सेवेच्या रूपाने परत येतो. एकटा, निरोगी तरुण दुबईत अधिक वाचवील. दोन मुलांच्या गृहस्थाला जर्मनी परवडू शकेल.

तिथेही घराच्या जाहिरातीत दोन भाडी असतात. एक ‘थंड’ आणि एक ‘गरम’. थंड म्हणजे नुसत्या जागेचे. गरम म्हणजे त्यात घर तापविण्याचा आणि इमारतीच्या देखभालीचा खर्च धरलेला. विजेचे बिल बहुधा याहून निराळे. आपली मुले थंड आकडा पाहून खूश होतात. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत मागता येते. आणि पुष्कळ घरे स्वयंपाकाच्या ओट्याशिवाय मिळतात. ओटा, कपाटे, शेगडी ज्याची त्याने आणायची!

इंग्लंडचा मोठा खर्च विमानात बसण्यापूर्वीच होतो. फेब्रुवारी २०२४ पासून तिथल्या आरोग्यसेवेचा अधिभार प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड झाला, आणि परवाना जितक्या वर्षांचा तितका तो एकदम भरावा लागतो. नवरा, बायको, एक मूल, तीन वर्षे : ८,५३८ पौंड. पौंड शंभर रुपयांचा धरला तरी साडेआठ लाखांच्या वर, आणि पौंड त्याहून महागच आहे. काही मालक हा भार स्वतः उचलतात. आरोग्यसेवेच्या खास परवान्यावर जाणाऱ्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना तो माफ आहे. तेव्हा ‘हे कोण भरणार?’ हा प्रश्न होकार देण्याआधी लेखी विचारावा.

घराच्या बाबतीत एक गोष्ट पैशांपलीकडची आहे, आणि ती आपल्या बडोद्याने जगाला शिकविली आहे, असे खेदाने म्हणावे लागते. १९१३ साली महाराज सयाजीरावांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथे त्यांना राहायला जागा मिळाली. १९१७ साली ते संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले तेव्हा मात्र विद्या, हुद्दा आणि राजाचा आश्रय असूनही या शहरात त्यांना कोणी घर दिले नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही निघावे लागले. परक्या शहरात आपल्या मुलाला कोणी घर नाकारले तर आपल्याला वाईट वाटेल. तसे वाटावेच. पण आपल्या रिकाम्या खोल्या भाड्याने देताना आपण काय विचारतो, हेही त्या वेळी आठवावे.

आता एजंटांविषयी दोन शब्द. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरील कर, एवढेच घेता येते. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यातही भरतीचा खर्च मालकाने नोकराकडून वसूल करू नये असे आहे. लाखांत मागणारा माणूस नियमाबाहेर मागतो आहे, हे ओळखावे. तो नोंदलेला आहे की नाही, हे भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. आणि ‘पर्यटकाच्या परवान्यावर चला, तिथे पुढचे पाहू’ असे कोणी म्हटले तर तिथेच नमस्कार करून उठावे.

शेवटी आमची एक विनंती. यापुढे कर्जाच्या अर्जाला एक कागद जोडावा. त्यावर चार रकाने असावेत. पहिल्यात इथली आजची शिल्लक. दुसऱ्यात तिथली शिल्लक, त्या देशाच्या चलनात. तिसऱ्यात इथल्या चुलीचा खर्च. चौथ्यात पहिल्या तीन महिन्यांना लागणारी रोकड. दुसऱ्यातले रुपये करावेत, त्यांतून तिसरा वजा करावा आणि मग पहिल्याशी ताडून पाहावे. कागदाखाली अर्जदाराबरोबर घरातल्या सर्व मोठ्या माणसांच्या सह्या असाव्यात, सुनेचीही.

ही अट कोणाला अडविण्यासाठी नाही. आपले पूर्वज सातारा-पुण्याकडून, कोकणातून गायकवाडांच्या मागोमाग या गुजरातच्या भूमीत आले, ते काही घरी बसून नव्हे. स्थलांतर आपल्या रक्तात आहे. मुलांनी जावे, मिळवावे, पाहावे. परंतु जाताना घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे की आपण काय देऊन काय घेत आहोत. एवढे ठाऊक असले, म्हणजे दोन वर्षांनी मुलगा परत आला तरी घर त्याला हरलेला म्हणणार नाही, आणि तिथेच राहिला तरी आईवडील स्वतःला टाकलेले समजणार नाहीत.