ठासणीच्या बंदुकीचे सुटे भाग



कवीनं बंदुकीवर बोलावं, हे ऐकायला जरा विचित्र वाटेल. पण आज मी बोलणार आहे ते ठासणीच्या बंदुकीबद्दल. जिच्या तोंडातूनच दारू आणि गोळी आत घालायची आणि मग गजानं ठासायची, ती जुनी बंदूक. निमित्त माझ्या भाच्याचं. तो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात त्यानं आणि त्याच्या एका सांगलीकर मित्रानं मिळून गॅरेजमध्ये अशी एक बंदूक तयार केली.

तिकडे हा छंद जुना आहे. सुट्या भागांचा संच खोक्यात घालून घरी येतो. लोखंडी नळी, चाप आणि घोड्याची यंत्रणा, अर्धवट कोरलेला लाकडी दस्ता, पितळी पट्ट्या, मूठभर स्क्रू. १९६८ च्या तिथल्या केंद्रीय कायद्यानं अशा जुन्या पद्धतीच्या बंदुकीला आधुनिक शस्त्रांच्या नियमांतून बाहेर ठेवलं आहे. आपल्याकडे मात्र हे करायला जाऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं हा गुन्हा आहे, मग ती ठासणीची का असेना. कोकणात रानडुकरं आणि माकडांपासून पीक राखायला शेतकऱ्यांकडे परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असतात. त्याही निवडणूक आली की अनेकदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात.

भाचा फोनवर रोज प्रगती सांगायचा. मला वाटलं होतं, संच म्हणजे चार स्क्रू पिळले की झालं. तसं नसतं. नळी दस्त्यात बसवायची, तर आधी नळीला काजळी लावायची. मग ती लाकडाच्या खाचेत ठेवून हलकेच दाबायची आणि उचलायची. लाकडावर जिथे काळा डाग उमटेल, तिथे लाकूड नडतंय असं समजायचं. तेवढंच पटाशीनं तासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं, पुन्हा तासणं. असं शंभर वेळा. घाई करून जास्त तासलं, तर नळी सैल बसते आणि गेलेलं लाकूड काही परत येत नाही. नीट बसली, की लोखंड आणि लाकूड यांच्यामधून कागदही जात नाही. पुढे लाकडाला रंग, जवसाच्या तेलाचे हात, पितळेला झिलई. लोखंडी नळीवर तर मुद्दाम तांबूस गंज चढवतात आणि योग्य वेळी थांबवतात, म्हणजे पुढचा गंज धरत नाही.

ही बंदूक मूळची कोणाची? तिला केंटकी रायफल म्हणतात, पण ती घडली पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या आसपास. अठराव्या शतकात जर्मनीकडून आलेल्या लोहारांनी आपल्याबरोबर नळीत पीळदार आटे पाडायची कला आणली. चकमकीची यंत्रणा फ्रान्समध्ये सुधारलेली. दस्त्याचं लाकूड अमेरिकेच्या जंगलातल्या मेपलचं. अशी ही तीन मुलखांची वस्तू, आणि आज अमेरिकन माणूस तिला अगदी आपली म्हणून मिरवतो.

मग एके दिवशी भाच्यानं फोनवर एकेका भागाचा फोटो पाठवायला सुरुवात केली. ‘‘मामू, इसको मराठी में क्या बोलते?’’ आमच्या घरची बोली दखनी. पण त्याच्या मित्राला सगळी यादी मराठीत हवी होती. मी मोल्सवर्थचा कोश काढून बसलो. त्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे ठासणीच्या बंदुका चालू असतानाची.

यादी होत गेली आणि मलाच मजा वाटू लागली. बंदूक हा शब्द अरबी, मूळ अर्थ गोळीसारखं लहान गोल फळ. तोफ तुर्की. चकमक तुर्की. दस्ता फारसी, दस्त म्हणजे हात. गज फारसी. दारूही फारसी, आणि तिचा मूळ अर्थ औषध! पण नळी आपली, घोडा आपला. ज्या भोकातून ठिणगी आत शिरते, त्याला मराठीनं कान म्हटलं. तोफा निकामी करायच्या तर त्यांच्या कानात खिळे ठोकत. आणि ठासणी तर अस्सल मराठी. सगळे भाग कुठूनकुठून आले, पण ठासायचं काम मराठीनं केलं.

शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. राज्याला आपली भाषा हवी, ही त्यामागची दृष्टी मोठीच होती. पण बंदूक आणि तोफ हे शब्द लोकांच्या तोंडातून गेले नाहीत. तोवर ते तासून नीट बसले होते.

आमच्या मुलखात याचे पुरावे उघड्यावर पडलेले आहेत. देवगिरी-दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा तोफ आहे. तिच्यावरच्या फारसी लेखात तिचं नाव किल्ला शिकन आणि घडवणाऱ्याचं नाव मोहम्मद हुसेन अरब असं आहे. पण कोणाही गावकऱ्याला विचारा, तो मेंढा तोफच म्हणेल, कारण तिच्या मागच्या बाजूला मेंढ्याचं डोकं आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ साली निजामशाहीसाठी ओतली गेली, ती एका रूमी कारागिराच्या हातून. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. आज आपण तिला मुलूखमैदान म्हणतो, आणि जो माणूस सभेत फार गाजतो त्याला मुलूखमैदान तोफ म्हणतो. शब्द असा रुळतो.

याचा अर्थ मी बंदुकीचं गुणगान करतोय असा नाही. १८५७ च्या उठावात ज्या काडतुसांवरून शिपाई पेटले, ती एनफिल्ड रायफलची, आणि तीही ठासणीचीच होती. काडतूस दातांनी तोडून दारू नळीत ओतावी लागे. त्याला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, ही बातमी हिंदू आणि मुसलमान दोघांनाही सारखीच झोंबली. त्याच वर्षी जूनमध्ये आमच्या शहरातल्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळानं बंड केलं. ते मोडल्यावर कोणाला फाशी दिलं, कोणाला गोळ्या घातल्या, कोणाला तोफेच्या तोंडी दिलं. क्रांती चौकातला काळा चबुतरा त्याचीच आठवण आहे. तिथून जाताना मला बंदुकीच्या नक्षीकामाचं कौतुक सुचत नाही.

तरीही त्या यादीनं मला एक उत्तर दिलं. गेली तीस वर्षं प्रत्येक कविसंमेलनात कोणीतरी प्रेमानं विचारतंच, ‘‘तुम्ही मुसलमान असून इतकं चांगलं मराठी कसं काय लिहिता हो?’’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या ‘असून’पाशी मी दर वेळी अडतो. मराठी माझ्या आजीच्या ओव्यांतली, माझ्या शाळेची, मी तिच्यातच बीए झालो. आता मी सांगणार आहे, की काजळी लावून बघा. जिथे डाग उमटेल, तिथे मी नडतोय असं समजा आणि सांगा. नाही उमटला, तर मी बसलोय.

त्या दोघांना दस्त्यावरच्या पितळी झाकणावर एक मराठी शब्द कोरायचा होता. मी त्यांना शिस्त हा शब्द सुचवला. आज आपण तो शाळेच्या रांगेसाठी, वागणुकीसाठी वापरतो. जुन्या मराठीत शिस्त म्हणजे नेम. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. तोही फारसीतून आलेला, आणि आज शिस्त हा परका शब्द आहे असं म्हणणारा एकही मुख्याध्यापक तुम्हाला भेटणार नाही. सांगलीच्या मित्रानं बाळबोध अक्षरं काढली, भाच्यानं ती कोरली. उन्हाळ्यात ते दोघं त्या बंदुकीनं कागदी लक्ष्यावर नेम धरणार आहेत. लागो न लागो, यादीतले मराठी शब्द दोघांनाही पाठ झालेत. भाचा आता फोनवर घोडा, कान, ठासणी असं सहज बोलतो.