ब्लेडला पाइपाची चप्पल

आजचा भाग आमच्या सुदुंबऱ्यातून, मावळातून. संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचं गाव. एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनचा तळही इथेच. म्हणजे आपत्तीत वाट मोकळी करणारी माणसं शेजारीच राहतात. आणि मी काय केलं, ते ऐका.

आमचं घर शेतात. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत मुरमाची वाट, दीडशे-दोनशे मीटर. जुलैत पाऊस लागला की वरच्या खाचराचा बांध फुटतो आणि सगळा गाळ वाटेवर येतो. गेल्या वर्षी घोटाभर आला होता. मी ट्रॅक्टरला मागचं ब्लेड जोडलं, लिफ्ट पार खाली सोडली आणि दिलं ओढून. पहिली फेरी एकदम भारी! स्टेटसला व्हिडिओसुद्धा टाकला. तिसऱ्या फेरीला कळलं, गाळाबरोबर मुरूमही चाललाय. खालची माती उघडी पडली, तिच्यात पाणी साचलं. वाट कसली, भात लावायचं खाचर झालं ते.

चार दिवसांनी रात्री पप्पांच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स डांबरीवर येऊन थांबली, आत येईना. आम्ही चौघांनी खाटेवरून पप्पांना बाहेर नेलं. गुडघाभर चिखल, वरून पाऊस, माझा पाय दोनदा घसरला. वाटेत कुणीच काही बोललं नाही. ती वाट मीच खणली होती ना.

पप्पा वाचले. पुढच्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. तो अमेरिकेत मिशिगनला असतो, गावाबाहेर. हिवाळ्यात घरासमोरचा बर्फ छोट्या ट्रॅक्टरने काढतो, मागे असंच ब्लेड लावून. त्याच्या दारातही खडीच आहे. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, पहिल्या वर्षी मी अर्धी खडी हिरवळीत नेऊन टाकली होती!"

मग त्याने जुगाड सांगितला. ब्लेडच्या लांबीचा लोखंडी पाइप घ्यायचा, त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चीर पाडायची आणि ब्लेडच्या धारेवर चढवायचा. दोन्ही टोकांना बोल्ट. धार झाकली की ब्लेड खडीत रुतत नाही, वरून घसरत जातं. तिकडे बरेच जण असं करतात म्हणे. पाइप नसेल तर ब्लेड उलटं फिरवायचं, फुगीर पाठ पुढे. तेही कमी खणतं.

आमच्या वेल्डरने अर्ध्या तासात करून दिलं. आधी हसला मात्र.

पण बर्फाचं सगळंच इथे चालत नाही हां. ताजा भुसभुशीत बर्फ पाण्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका हलका, आणि ओला गाळ पाण्याच्या दीडपटीहून जड. तो एकदम ढकलायला गेलात तर ट्रॅक्टरची चाकंच जागेवर फिरतात. थोडा थोडा काढायचा, पहिल्या गिअरमध्ये. ब्लेड तिरकं ठेवायचं, म्हणजे गाळ एका कडेला पडत जातो. आणि कडेला म्हणजे चारीत नाही! माझी दुसरी चूक तीच होती. चारी बुजली की पाणी परत वाटेवर. दादा बर्फाचा ढीग पहिल्यापासूनच लांब लावतो, कारण तो गोठून दगड होतो आणि पुढच्या बर्फाला जागा उरत नाही. आपला गाळही वाळला की तसाच.

अजून एक. उतरण्याआधी ब्लेड जमिनीला टेकवा. उचललेल्या ब्लेडखाली हात घालायचा नाही, मागे पोरं उभी करायची नाहीत. व्हिडिओ काढायलासुद्धा नाही.

यंदा उन्हाळ्यात वाटेवर नवा मुरूम टाकला, मध्ये जरा उंच ठेवला, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरतं. जुलैत गाळ आला, तेव्हा तळाला बोटभर थर राहू दिला आणि बाकीचा काढला. दिसायला अगदी स्वच्छ नव्हती, स्टेटसला टाकण्यासारखी तर नाहीच. पण दुधाची गाडी दारापर्यंत आली. पप्पा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "त्या कोपऱ्यात अजून एक फेरी मार."