दत्तक व्यक्तीचा मूळशोध : हक्क, संकोच आणि नोंद

महाभारतातील कर्णाची कथा आपणा सर्वांना परिचित आहे. नदीच्या प्रवाहातून वाहत आलेले मूल अधिरथ आणि राधा यांनी वाढविले आणि ते राधेय म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याची जन्मदात्री कोण, ही गोष्ट त्याच्यापुढे उघडपणे बोलली गेली ती युद्धाच्या तोंडावर. आणि तीही त्याचे समाधान व्हावे म्हणून नव्हे, तर त्याने पक्ष बदलावा म्हणून. तरीही राधेचे मातृत्व नाकारण्यास कर्ण तयार झाला नाही. या कथेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. जन्माचे ज्ञान झाल्याने पालन करणाऱ्यांविषयीची माया आटत नाही, ही पहिली. ते ज्ञान वेळेवर आणि ज्याचे त्याच्यासाठी दिले गेले पाहिजे, ही दुसरी. दत्तक गेलेल्या व्यक्तीने आपल्या जन्मदात्या आप्तांचा शोध घेणे, ज्याला आज मूळशोध असे म्हटले जाते, त्याचा विचार या दोन गोष्टी ध्यानात ठेवूनच करावा लागतो.

आपल्या परंपरेतील दत्तकविधान हा सामान्यतः चारचौघांसमक्ष होणारा विधी होता. मूल बहुधा भाऊबंदांतील असे. आप्तेष्टांदेखत देणे-घेणे होई आणि त्याचे जनककुल सर्वांना ठाऊक असे. दोन्ही कुळांचा मानला जाणारा ‘द्व्यामुष्यायण’ पुत्रही धर्मशास्त्राला मान्य होता. अशा व्यवस्थेत मूळ शोधण्याचे प्रयोजनच उरत नव्हते. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा याच समजुतीवर उभा आहे. दत्तक गेलेले मूल सर्व दृष्टींनी नव्या कुटुंबाचे होते, असे या कायद्याचे कलम १२ सांगते; परंतु जन्मकुळात राहिले असते तर ज्या व्यक्तीशी त्याला विवाह करता आला नसता, तिच्याशी त्याने दत्तक गेल्यानंतरही विवाह करू नये, असेही ते बजावते. म्हणजे आपले जन्मकुळ कोणते हे दत्तक व्यक्तीला माहीत असणार, असे कायद्याने गृहीतच धरले आहे. ज्याला ते माहीत नाही, त्याने हा निर्बंध कसा पाळावा, या प्रश्नाचे उत्तर त्या कलमात नाही.

हे अज्ञान निर्माण झाले ते अनाथालये व बालकाश्रम यांच्यामार्फत दत्तक देण्याची पद्धत रूढ होत गेली तेव्हा. अविवाहित मातेला लोकापवादापासून वाचवायचे, अपत्यहीन दांपत्याला निर्वेध सुख लाभू द्यायचे आणि मुलाच्या कपाळी ‘अनौरस’ हा शिक्का बसू द्यायचा नाही, असे या गुप्ततेमागील तिन्ही हेतू चांगले होते. तथापि, ज्याच्या हितासाठी हे मौन पाळले गेले ते मूल कायम मूल राहत नाही. ते मोठे होते आणि प्रश्न विचारू लागते. आपला चेहरा कोणासारखा आहे? आपल्याला का दिले गेले? आपल्या पाठीवर कोणी भावंड आहे काय? वैद्य विचारतात, घराण्यात कोणाला मधुमेह वा हृदयविकार आहे काय. तेव्हा त्याच्यापाशी उत्तर नसते. हे प्रश्न कृतघ्नतेचे लक्षण नव्हेत. इतरांना न विचारताच मिळालेली माहिती ही व्यक्ती विचारून मिळवू पाहते, इतकाच काय तो फरक.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार ज्या देशांत प्रथम झाला, त्यांत स्कॉटलंडचे स्थान महत्त्वाचे आहे. तेथील १९३० च्या कायद्यानुसार सतरा वर्षे पूर्ण केलेल्या दत्तक व्यक्तीला आपल्या मूळ जन्मनोंदीची प्रत मिळू शकत असे. इंग्लंडमध्ये १९२६ मध्ये दत्तकाचा कायदा झाला, परंतु तेथे ही वाट बंद होती. जॉन ट्रिसिलिओटिस या संशोधकाने स्कॉटलंडमधील या तरतुदीचा लाभ घेणाऱ्या सत्तर व्यक्तींचा अभ्यास करून १९७३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यांना दत्तक असल्याची गोष्ट उशिरा किंवा परक्याच्या तोंडून कळली होती, त्यांच्या मनाला झालेली जखम अधिक खोल असल्याचे त्यात दिसून आले. हे लोक सूड घेण्यासाठी निघालेले नसून स्वतःची ओळख पुरी करू पाहत होते.

त्यानंतर १९७५ च्या बालक कायद्याने इंग्लंड व वेल्समध्येही अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्तींना मूळ जन्मनोंद पाहण्याचा हक्क मिळाला आणि १९७६ च्या नोव्हेंबरात तो अमलात आला. त्या वेळी मोठी खळबळ माजली होती. ज्या मातांना ‘हे कोणाला कधीही कळणार नाही’ असे आश्वासन मिळाले होते, त्यांच्या दारात एके दिवशी अनोळखी तरुण येऊन उभा राहील, अशी भीती व्यक्त होत होती. म्हणून कायदा होण्यापूर्वी दत्तक गेलेल्यांना नोंद मिळण्याआधी समुपदेशकाची भेट घेणे सक्तीचे करण्यात आले. जी संकटे कल्पिली गेली होती, ती त्या प्रमाणात ओढवली नाहीत. हक्क आणि संकोच यांच्यामध्ये एक जाणता मनुष्य उभा केला की पुष्कळसे अनर्थ टळतात, हा या अनुभवाचा बोध होय.

भारतात या विषयाला वळण मिळाले ते लक्ष्मीकांत पांडे या विधिज्ञाच्या पत्रामुळे. परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांच्या हालअपेष्टांकडे त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे लक्ष वेधले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती प्र. ना. भगवती यांनी दिलेल्या निर्णयात आंतरदेशीय दत्तकासाठी तपशीलवार नियम घालून देण्यात आले. मूल प्रौढ झाल्यावर त्याला जन्मदात्यांविषयी माहिती देण्यास हरकत नसावी, असे मत त्यात आहे. परंतु ती द्यावी की नाही आणि केव्हा द्यावी, हे दत्तक मातापित्यांच्या विवेकावर सोपविले होते. पुढे १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन संस्था स्थापन झाली. बालकाच्या मूळ ओळखीसंबंधीची माहिती जतन करण्याचे बंधन घालणारा १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने या संस्थेला वैधानिक प्राधिकरणाचा दर्जा दिला. त्याखालील २०१७ व २०२२ च्या विनियमांप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण केलेली दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. त्याहून लहान असल्यास दत्तक मातापित्यांसह अर्ज करावा लागतो. १९८४ मध्ये जी गोष्ट पालकांच्या विवेकाची होती, ती आता त्या व्यक्तीच्या स्वतःच्या इच्छेची झाली आहे.

मात्र हा हक्क निरंकुश नाही. मूल संस्थेच्या स्वाधीन करताना मातेने आपले नाव गुप्त ठेवावे असे सांगितले असेल, तर तिची संमती घ्यावी लागते. तिने नकार दिला किंवा ती सापडली नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत दिले गेले तेवढे सांगितले जाते. शोध तिऱ्हाइताकडून करविण्यास मनाई आहे. या अटी काहींना जाचक वाटतात. पण त्यांचे कारण आपल्या समाजाच्या घडणीत आहे. ती माता आता कदाचित एखाद्या गावात नांदत असेल. तिच्या पतीला, मुलांना, सुनांना त्या जुन्या प्रसंगाची वार्ताही नसेल. कोणी गावात जाऊन चारचौघांत तिचे नाव पुकारले, तर एकाच्या प्रश्नाचे उत्तर मिळताना दुसऱ्याचे घर मोडू शकते. म्हणून पहिली भेट अनुभवी समाजसेविकेने एकान्तात घ्यावी, विचार करण्यास वेळ द्यावा आणि नकार आला तर तो सन्मानाने स्वीकारावा, हे युक्त होय. परदेशी वाढलेल्या व्यक्तीला मातेची भाषाही येत नसते, तेव्हा दुभाष्याची निवडही तितक्याच सावधपणे करावी लागते.

येथे आणखी एक भेद लक्षात घेतला पाहिजे. मातेने स्वतः संस्थेच्या स्वाधीन केलेल्या मुलाच्या दप्तरात काही तरी नाव-गाव सापडण्याची आशा असते. रस्त्यावर, रुग्णालयात वा फलाटावर सापडलेल्या मुलाच्या दप्तरात मात्र सापडल्याचे ठिकाण, तारीख आणि पोलिसांचा अहवाल यांपलीकडे क्वचितच काही असते. त्यातही काही मुले टाकलेली नसून हरवलेली असतात. सरू ब्रायर्ली यांचे उदाहरण प्रसिद्धच आहे. खंडव्याच्या गणेश तलाई वस्तीतील हा पाच वर्षांचा मुलगा १९८६ मध्ये बुऱ्हाणपूर स्थानकावर गाडीत चढला आणि थेट हावड्याला पोहोचला. त्याच्या बोबड्या उच्चारांवरून गावाचा पत्ता लागला नाही. १९८७ मध्ये तो ऑस्ट्रेलियातील टास्मानियात दत्तक गेला. पुढे मोठेपणी उपग्रहचित्रांवर लोहमार्ग धुंडाळत त्याने आपले स्थानक ओळखले आणि २०१२ मध्ये तो खंडव्यात आईसमोर उभा राहिला. मुलगा परत येईल या आशेने ती त्याच परिसरात राहिली होती. पुढे त्याच्या दोन्ही मातांची भेटही झाली. कागदाने साथ दिली नाही तेथे एका बालकाच्या स्मृतीने साथ दिली. परंतु असा योग सर्वांच्या वाट्याला येत नाही.

अर्जेंटिनात तर नोंदी हेतुपुरस्सर खोट्या केल्या गेल्या. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत बंदिवान स्त्रियांची अर्भके काढून घेऊन परक्या घरी देण्यात आली. त्यांच्या आज्यांनी १९७७ मध्ये संघटना उभारली. मातापिता हयात नसताना आजी-आजोबांच्या रक्तावरून नाते सिद्ध करण्याची रीत त्यांच्या आग्रहातून शास्त्रज्ञांनी सिद्ध केली, आणि १९८७ मध्ये तेथे राष्ट्रीय आनुवंशिक माहितीसंग्रह स्थापन झाला. शंभराहून अधिक नातवंडांची खरी ओळख पटली आहे. तरीही बुडविलेली एक नोंद भरून काढण्यासाठी किती माणसांचे किती आयुष्य खर्ची पडते, हे यावरून कळते.

श्रोतेहो, कायद्याने हक्क दिला तरी त्याची पूर्तता अखेर एका वहीवर अवलंबून असते. रात्रपाळीला संस्थेच्या दारात आलेले मूल नोंदविणारी परिचारिका, पंचनामा लिहिणारा हवालदार, मातेचे निवेदन टिपणारी समाजसेविका या व्यक्तींना त्या क्षणी ते काम नित्याचे वाटत असेल. परंतु मुलाच्या अंगावर कोणते वस्त्र होते, आई कोणती बोली बोलत होती, जाताना ती काय म्हणाली, एवढ्या चार ओळी कोणी मन लावून लिहिल्या तर वीस-पंचवीस वर्षांनी कोणा एकाच्या आयुष्यातील रिकामी जागा त्यांनी भरून निघते. आणि भेट घडली नाही, तरी ‘मला का दिले’ या प्रश्नाला उत्तर मिळते. वाळवी, पूर आणि हलगर्जीपणा यांपासून ती वही राखणे हेही बालकल्याणाचेच कार्य आहे. दत्तक देताना आपण मुलाला घर देतो. त्याबरोबर त्याच्या आरंभाची गोष्टही त्याच्यासाठी ठेव म्हणून सांभाळली पाहिजे. ती मागायची की नाही, हे त्याने ठरवावे.