तिरोड्याची वीज आणि आपली मुले



आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. ऊर्जा-तंत्रज्ञान हा आमचा विषय नव्हे. तरीही बोलायला उभे राहिलो, कारण पालकांचा एक प्रश्न आम्ही नेहमी ऐकतो : "पोरगं एम.एस्सी. झालं. आता आणखी पाच वर्षं शिकत बसलं, तर घर कसं चालायचं?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे.

आधी विषय पाहू. आपल्या तिरोडा येथे ६६० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. आपला मुलगा तेथे नोकरी मागायला जातो. त्याने या क्षेत्रात नवा शोध लावावा, अशी अपेक्षा मात्र आपण ठेवत नाही. खरे तर संशोधनाचे विषय दाराशीच आहेत. एक क्विंटल धान भरडले की सुमारे २० किलो तूस निघते. ते जाळले की साधारण चार किलो राख उरते आणि तिच्यात बहुतांश सिलिका असते. तुसापासून वायू व वीज, राखेपासून उपयुक्त पदार्थ, हे पीएच.डी.चे विषय आहेत. सूर्य मावळला की सौर वीज थांबते; मग शेतीपंप केव्हा चालवावे, वीज कशी साठवावी, मीटरवरून मागणीचा अंदाज कसा बांधावा? यालाच 'स्मार्ट' ऊर्जा म्हणतात. यात भौतिक, रसायन, गणित, संगणक, सर्व शाखांना वाव आहे.

आता हिशेब. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये आहे. दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार, पुढील तीन वर्षांचे १५ लाख १२ हजार. एकूण २४ लाख. घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे संशोधक विद्यार्थी घरावर ओझे नसतो.

वाट अशी : विज्ञान शाखेसाठी सीएसआयआर-नेट, अभियांत्रिकीसाठी गेट. नागपूरला व्हीएनआयटी व नीरी, मुंबईला आयआयटीचा ऊर्जा विभाग. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप, पुण्याच्या बार्टीची फेलोशिप, तर परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. पीएच.डी.नंतर दोन वर्षांची नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप मिळू शकते.

बाबासाहेबांनी कोलंबियाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एस्सी. मिळवली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना देशाच्या वीजधोरणाचा पाया त्यांनी घातला, १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच खात्यात स्थापन झाले, हे फारसे सांगत नाही. वीज हा विषय आपल्याला परका नाही.

पालकांना एकच विनंती : मुलगा वा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच नेट-गेटची चौकशी करा. अर्जाची तारीख आणि जातीचा दाखला, या दोन गोष्टींपायी कोणाचे वर्ष वाया जाऊ नये. संस्थेने अशा अर्जांसाठी एक मार्गदर्शन कक्ष चालवावा. अर्ज भरून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

जयभीम.