उन्हाळ्यातील परसबाग : पाणी थोडे, भाजी रोजची

(शेतकरी महिला मेळाव्यात दिलेले भाषण)



परसबागेचा विषय निघाला की सोलापूर, धाराशिव, लातूर भागातील भगिनी हमखास एकच प्रश्न विचारतात. प्यायचे पाणी डोक्यावरून आणावे लागते, मग भाजीला कुठून घालायचे? प्रश्न रास्त आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. त्याआधीच परसातील मेथी, पालक फुलोऱ्यावर येतात आणि वाफे ओस पडतात. नेमकी याच दिवसांत बाजारात भाजी महाग होते. मग ताटातली भाजी जाते आणि डाळ-भाकरीवर भागवावे लागते. याची झळ लहान मुलांना आणि गरोदर मातांना अधिक बसते. म्हणून जादा पाणी कसे आणावे हे मी सांगणार नाही; आहे ते कसे पुरवावे, एवढेच सांगणार आहे.

पहिली गोष्ट सावलीची. दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन भाजीला फार जाचते. म्हणून परसाच्या पश्चिम बाजूला शेवग्याची दोन झाडे लावावीत. शेवगा एकदा रुजला की थोड्या पाण्यावर तग धरतो. शेंगा मिळतात आणि पाल्याचीही उत्तम भाजी होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोडका, कारली, दुधी यांचे बी टोकून तुराट्यांचा मांडव करावा. एप्रिलमध्ये मांडव भरला की त्याच्या विरळ सावलीत पालेभाजी घेता येते.

दुसरी गोष्ट वाफ्याची. पावसाळ्यात आपण गादीवाफे करतो. उन्हाळ्यात उलट करावे. वाफा जमिनीपेक्षा चार बोटे खोल ठेवावा, म्हणजे दिलेले पाणी बाहेर जात नाही. मातीत कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे. वेलाजवळ मातीचा जुना माठ गळ्यापर्यंत पुरावा, पाण्याने भरावा आणि वर झाकण ठेवावे. पाणी झिरपत मुळाशीच जाते. माठ रंगवलेला नसावा. वाफ्यांना पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर द्यावे.

भाजी, डाळ, तांदूळ धुतलेले पाणी मोरीत न सोडता बादलीत साठवावे आणि त्याच दिवशी वाफ्याला घालावे. आंघोळीचे व कपड्यांचे साबणाचे पाणी मात्र पालेभाजीला देऊ नये. विटांचे तुकडे, खडी आणि वाळू भरलेल्या खड्ड्यातून ते केळीकडे किंवा शेवग्याकडे वळवावे.

तिसरी गोष्ट आच्छादनाची. उसाचे पाचट, गव्हाचे काड किंवा वाळलेले गवत दोन-तीन इंच जाडीने पसरावे. जमीन तापत नाही, ओल टिकते, तणही कमी येते. वाळवीचा उपद्रव असल्यास आच्छादन बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवावे.

चौथी गोष्ट पिकांच्या निवडीची. भर उन्हाळ्यात मेथी-पालकाचा हट्ट सोडावा. तांदुळजा, राजगिरा, अंबाडी, तसेच गवार, भेंडी आणि चवळी ही उष्णता सोसणारी पिके आहेत. तांदुळजाचा सगळा वाफा एकदम पेरू नये. दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरावा, म्हणजे भाजी अखंड मिळते.

टोमॅटोबद्दल एक सूचना. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रीही उकाडा राहिला की परागकण निकामी होतात व फुले गळतात. हा रोग समजून अनेकजण औषधे फवारतात. तो पैसा वाया जातो आणि विषारी औषध घरच्या ताटात येते. अशा वेळी सावली करावी, ओल राखावी.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी दिसताच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी अर्धा किलो निंबोळीचा चुरा पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी फडक्यातून गाळावा, दहा लिटर द्रावण करावे आणि संध्याकाळी फवारावे. शिरा पिवळ्या पडलेली भेंडीची झाडे उपटून नष्ट करावीत.

भगिनींनो, परसबाग मोठी हवी असे नाही. यंदा एक मांडव, एक माठ आणि दोन खोल वाफे एवढेच करून पाहा. घरात रोज किती बादल्या पाणी मोरीतून वाहून जाते, ते आठवडाभर मोजा. भाजीला पाणी कुठून आणायचे, या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला तिथेच सापडेल. आणि घरातील पुरुषांनाही सांगणे आहे, खड्डा खणणे आणि मांडव उभारणे हे काम तुमचे.