आधी गिऱ्हाईक, मग कारखाना
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्यातील तरुण नोकरीची वाट पाहत न बसता स्वतंत्र उद्योगाकडे वळू लागले आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु भांडवल येते कोठून? वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून, नाहीतर आईच्या दागिन्यांतून. त्यातून प्रथम यंत्र येते, मग गाळा, मग मालाचे ढीग. आणि गिऱ्हाईकाचा शोध सर्वांत शेवटी सुरू होतो. हा क्रम उलटा केला पाहिजे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईस गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. आरंभी त्यांनी चारच पाकिटे केली व ती भुलेश्वरातील ओळखीच्या व्यापाऱ्याकडे दिली. मागणी येत गेली, तसतसा व्याप वाढविला. 'लिज्जत' उभे राहिले ते असे. ती चार पाकिटे हीच बाजाराची परीक्षा होती. आणि ती फसती, तरी कोणाचे घर बुडाले नसते.

मात्र नुसते विचारून भागत नाही. अमेरिकेत १९८५ साली कोका-कोला कंपनीने सुमारे दोन लाख लोकांना चव देऊन नवे पेय काढले. घोटभर चाखून लोकांनी पसंती दिली होती. पण जुने पेय कायमचे बंद होईल, हे त्यांस स्पष्ट सांगितलेच नव्हते. लोक खवळले आणि ७९ दिवसांत जुने पेय परत आणावे लागले. प्रश्न अपुरा असला की उत्तरही फसवे येते.

कोणी म्हणेल, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोकमत मानले असते, तर लोखंडी नांगर झालाच नसता. लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता, हे खरे. पण परीक्षा म्हणजे शरणागती नव्हे. नकार का मिळतो हे कळले, तरच त्यावर उपाय योजता येतो.

तेव्हा तरुण मित्रांनो, प्रथम पंचवीस-पन्नास नग हाताने करा, किंवा दुसऱ्याच्या कारखान्यात करवून घ्या. ते पुऱ्या किमतीस विका. फुकट वाटलेल्या मालाची स्तुती सारेच करतात. आणि एक गोष्ट जरा कटू वाटेल : ते आपल्या ज्ञातीबाहेर विका. आम्ही आप्त आहोत. आम्ही मायेपोटी घेऊ, 'छान आहे' म्हणू, आणि तुम्हांस फसवू. अनोळखी माणूस दुसऱ्यांदा पैसे मोजून तोच माल नेईल, तेव्हाच मागणी आहे असे समजा.

आणि वडीलधाऱ्यांनो, मुलाने भांडवल मागितले तर यंत्राचे दरपत्रक पाहण्याआधी विक्रीची वही पाहावयास मागा. त्यात अविश्वास नाही. त्याच्या आईच्या पाटल्यांची ती राखण आहे.